विचलन आणि सामाजिक नियंत्रण : उत्तनचा समुद्र
विचलन म्हणजे समूहाने मानलेला नियम मोडणे. नियंत्रण म्हणजे तो पाळायला लावणे. भाईंदरजवळच्या उत्तनमध्ये असा एक नियम भर समुद्रात रोवलेला असतो. डोल जाळे ज्यांना बांधतात त्या कवी, म्हणजे समुद्रात रोवलेले खुंट, परक्या हद्दीत मारणे हे विचलन. पण हद्द कोणती, यावरच सातपाटी-डहाणूकडील आणि वसई-उत्तनकडील मच्छीमारांत जुना वाद आहे. एका बंदराचा हक्क दुसऱ्याला अतिक्रमण वाटतो. १९८१च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखालची पावसाळी बंदी त्या मानाने सरळ. गावकीचा धाक मात्र अधिक जवळचा. तरी कोणत्याही जातपंचायतीने वा गावकीने कुणाला वाळीत टाकले, तर २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने नियंत्रकच गुन्हेगार ठरतो : ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.