डुप्लिकेट

परवा भाचा दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे गेमचे रिमोट हातात धरून म्हणाला, "मामा, बघ ना, दोन्हीवर तेच. सगळे एकमेकांचं ढापतात." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मला आमचा टीव्ही गेम आठवला.

१९९४ चा मे महिना. बाबांनी मेनरोडवरून एक खोकं आणलं. सोबत दोन रिमोट, एक बंदूक आणि '९९९९९९९ इन वन' लिहिलेली पिवळी कॅसेट. (मोजून नऊ-दहा गेम होते, तेच पुन्हा पुन्हा.) काका त्या वेळी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. नक्कल करता येऊ नये याचाच तर त्यांना पगार मिळायचा! त्यांनी खोकं उलटसुलट केलं, कंपनीचं नाव सापडेना, तेव्हा निकाल दिला, "डुप्लिकेट आहे रे हे." बाबांचा चेहरा उतरला. मला मात्र काही फरक पडला नाही, मारिओ उड्या मारत होता ना!

डुप्लिकेट कशाचं, ते कळायला पुढे इंटरनेट यावं लागलं. निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. त्यात खरी-खोटी कॅसेट ओळखणारं कुलूप नव्हतं. अमेरिकेत १९८५ साली तेच यंत्र नेताना त्यांनी खास चिप टाकून कुलूप लावलं, पण तोवर उशीर झाला होता. तैवानमध्ये त्या चिपांच्या नकला तयार झाल्या आणि त्यांच्यावर चालणारी खोकी रशियापासून आमच्या मेनरोडपर्यंत पोचली. असली माल मिळतच नव्हता म्हणाल, तर सेगाचं यंत्र शॉ वॉलेसने १९९५ च्या सुमारास भारतात आणलं होतं. होय, तीच दारूवाली कंपनी. किंमत सुमारे १८,००० रुपये! आमच्या घरी त्यात काही महिन्यांचा किराणा निघाला असता.

बरं, निन्टेंडो तरी किती सोवळी? तिच्या यंत्रातला मेंदू रिको कंपनीने बनवला होता, ६५०२ या अमेरिकन चिपच्या आधारावर. त्यातला दशमान पद्धतीने हिशेब करणारा भाग तेवढा बंद करून ठेवलेला होता. त्या भागाचं पेटंट होतं, म्हणून हा उद्योग केला असावा, असं बहुतेक जाणकार मानतात. आणि ती ६५०२ बनवणारे इंजिनिअर मोटोरोलातून बाहेर पडलेले. मोटोरोलाने कोर्टात खेचलं आणि १९७६ साली पैसे देऊन तडजोड झाली. म्हणजे काकांच्या भाषेत डुप्लिकेटचं डुप्लिकेट, त्याचं डुप्लिकेट.

पण भाच्याचा प्रश्न खरं तर बरोबरीच्या कंपन्यांचा होता. त्या जरा सभ्यपणे ढापतात, एवढंच. डाव्या अंगठ्याखालचं अधिकचं चिन्ह घ्या. निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी ते १९८२ च्या एका हातातल्या खेळासाठी बनवलं. कंपनीने पेटंट घेतलं. मग सेगाने गोल चकती केली आणि सोनीने चार बाजूंना चार सुटी बटणं दाखवली. अंगठ्याला काम तेच. १९९६ साली निन्टेंडोने अंगठ्याने फिरवायची काडी आणली, वर्षभरात सोनीने दोन काड्या लावल्या. रिमोट थरथरण्याचंही तसंच, आधी निन्टेंडो, मग सोनी. गंमत म्हणजे त्यासाठी सोनीला कोर्टात नेलं ते निन्टेंडोने नव्हे, इमर्शन नावाच्या तिसऱ्याच कंपनीने. सोनी हरली आणि २००६ साली प्लेस्टेशन ३ आलं तेव्हा त्याचा रिमोट थरथरतच नव्हता. २००७ साली तडजोड झाली आणि थरथर परत आली.

मला वाईट वाटतं ते योकोईंचं. त्यांनीच १९९५ साली 'व्हर्च्युअल बॉय' काढला, डोळ्यांना लावून लाल चित्रं बघायची. तो वर्षभरही टिकला नाही आणि तो ढापायला कुणीही आलं नाही. १९९६ मध्ये त्यांनी कंपनी सोडली आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्या महिन्यात आम्ही दिवाळीच्या सुट्टीत बहुतेक कॉन्ट्राच खेळत होतो, त्यांच्याच बटणावर अंगठा घासत. त्यांचं नाव मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

घासून घासून त्या बटणाखालचं रबर शेवटी गेलंच. बाबा म्हणाले, टाकून द्या. काकांनी मात्र शेजारच्यांचा बंद पडलेला गेम मागून आणला. तो वेगळ्याच कंपनीचा, तोही डुप्लिकेट. त्याच्यातलं रबर काढून आमच्यात बसवलं. फिट्ट बसलं.