आजी (भयकथा)

नारायण धारप (१९२५–२००८) यांची मराठी भयकथा; ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाची एक मूळ प्रेरणा. कथेचे बीज स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’मधले. ती कथा १९८४ मध्ये ‘वीअर्डबुक’ या नियतकालिकात आली, पुढच्या वर्षी ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहात. थोरल्या भावाचा पाय मोडतो, आई दवाखान्यात धावते आणि अकरा वर्षांचा जॉर्ज अंथरुणाला खिळलेल्या आंधळ्या आजीपाशी एकटा उरतो. जिचा हात धरून निजायचे तिचीच भीती वाटावी, हे या कथेचे खरे बळ. आजी ज्याच्या घरातच असते त्या मराठी वाचकाला ते जास्तच झोंबते. धारपांनी हे बीज मराठीत आणले, हा त्यांचा मोठा गुण.

‘तुंबाड’चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांची ही गोष्ट १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली. १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. २००९–१० मध्ये त्यांनी सुमारे ७०० पानांचा स्टोरीबोर्ड तयार केला. चौकटीमागून चौकट सरकणारे ते चित्ररूप म्हणजे या गोष्टीचे जवळजवळ कॉमिकच.

चित्रपटाच्या १९१८ मधल्या पहिल्या प्रकरणात ‘ग्रॅमा’चा सांगाडा ओळखू येतो: भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन जाते, आणि साखळदंडाने जखडलेल्या म्हातारीला भरवायचे काम लहानग्या विनायकवर येते. ती अंगावर येते तेव्हा तो हस्तर या देवाचे नाव घेतो आणि ती झोपी जाते. ‘ग्रॅमा’तही मावशी फोनवरून जॉर्जला ‘हस्तूर’च्या नावाने आजीला आडवी करायला सांगते. हे नाव त्याहून जुने. अँब्रोज बिअर्स यांच्या कथेत हस्तूर हा मेंढपाळांचा कनवाळू देव होता. लव्हक्राफ्ट यांच्या ‘वीअर्ड टेल्स’ या पल्प नियतकालिकातील १९३१ च्या कथेत तेच नाव भेसूर सावलीत गेले. पल्पच्या स्वस्त कागदावरून निघालेले नाव चित्रपटातल्या कोकणी वाड्यात पोहोचले.

चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतले आहे. कथानकाचा मात्र तिच्याशी संबंध नाही.