कलकत्त्याचा बांबू आणि बास माशाची काठी

कोकणच्या खाडीवर मासे गरवायला बसलेल्या माणसाला काठीची फारशी फिकीर नसते. दोरा, गळ आणि दोऱ्यावर टेकवलेले बोट, एवढ्यावर त्याचे भागते. अमेरिकेत मात्र बास नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशासाठी कोणती काठी हाती धरावी, हा वाद शंभर-सव्वाशे वर्षे चालू आहे. त्याचा इतिहास आम्ही चाळू लागलो तो निव्वळ कुतूहलापोटी. पण सुरुवातीलाच कलकत्ता भेटले आणि मग तो विषय परका राहिला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिप नावाचा कारागीर होता. बंदुका आणि व्हायोलिने बनवणे हा त्याचा धंदा. त्याने बांबू उभा चिरला, आतला पोकळ गाभा टाकून दिला आणि टणक पट्ट्या सरसाने जोडून काठी केली. पुढे मेन राज्यातल्या हायरम लिओनार्डने सहा पट्ट्यांची काठी कारखान्यात घडवून नावारूपाला आणली. हा बांबू हिंदुस्थानातून जाई. कलकत्ता बंदरात जहाजावर चढे म्हणून त्याचे नावच 'कलकत्ता केन' पडले. इकडच्या लोकांनी तो विस्तवावर शेकलेला असे आणि त्याचे काळपट डाग सालीवर राहत. तिकडचे संग्राहक आजही त्या डागांवरून जुनी काठी ओळखतात. फिलिप आणि लिओनार्ड यांची नावे इतिहासात नोंदली गेली. बांबू तोडणाऱ्या आणि शेकणाऱ्या हातांची खूण म्हणून एवढे डागच उरले. आम्हाला हे विसरता येत नाही.

१८८१ मध्ये डॉक्टर जेम्स हेन्शॉल यांनी बास माशावर एक ग्रंथच लिहिला. तोवर सामन आणि ट्राउट हे खानदानी मासे, बास गावठी, अशी समजूत होती. हेन्शॉल यांनी बासची वकिली केली आणि त्याच्यासाठी आठ फूट तीन इंचांची काठी सुचवली. ती जिवंत लहान मासा आमिष म्हणून टाकण्यासाठी होती. लाकडी आमिषे आली तशी काठी आखूड होत गेली. मिशिगनमधल्या डोवाजिॲक गावचे जेम्स हेडन हे मधमाश्या पाळणारे गृहस्थ. त्यांनी हातातला लाकडाचा तुकडा तासून तळ्यात फेकला आणि बासने त्यावर झडप घातली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, १९०२ च्या सुमारास त्यांचे तरंगते आमिष बाजारात आले हे खरे.

तरंगणाऱ्या आमिषाने काठीची परीक्षाच पाहिली. इथे मासा डोळ्यांदेखत पाणी फोडून वर येतो. माणसाचे काळीज हलते आणि हात आपोआप झटका देतो. काठी ताठ असली की तो झटका तसाच्या तसा आमिषाला पोहोचतो आणि माशाने तोंड मिटण्याआधीच ते निसटते. लवचीक काठी आधी स्वतः वाकते आणि तेवढ्यात माशाला क्षणभर सवड मिळते. शिवाय आमिषाखालचे तीन टोकांचे बारीक गळ ताठ काठीने माशाच्या तोंडातून फाटून येतात. मनगटाच्या छोट्या छोट्या झटक्यांनी आमिषाला डावी-उजवी चाल द्यायची, तर काठीचे टोक पाण्याकडे झुकवावे लागते. म्हणून अनेकांना सहा-साडेसहा फुटांची काठी सोयीची वाटते. लांब फेकायचे असेल तर सात फुटांची.

अशा चालीसाठी गाजलेले आमिष म्हणजे हेडन कंपनीचेच 'झारा स्पूक'. त्याचे नाव फ्लॉरिडातल्या पेन्साकोला शहराच्या झारागोसा रस्त्यावरून पडले असे म्हणतात. तो रस्ता स्पेनमधल्या झारागोसाच्या नावाचा. आणि ते झारागोसा म्हणजे अंदलुसचे सरकुस्ता, जिथे अकराव्या शतकात अबू जाफर अल-मुक्तदिरने अल्जाफेरिया महाल उभारला. कुठला महाल आणि कुठले हे खेळणे!

कलकत्त्याच्या बांबूला विसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या बांबूने मागे सारले. त्याला व्यापाऱ्यांनी 'टोंकिन' म्हटले, पण तो वाढे ग्वांगडाँग प्रांतात. म्हणजे इथेही नाव एकाचे आणि माती दुसऱ्याची. कोरियाच्या युद्धात चीन उतरला आणि १९५० च्या डिसेंबरात अमेरिकेने चिनी माल बंद केला. काचतंतूच्या काठ्या त्याआधीच निघाल्या होत्या. बांबू अडल्यावर त्यांना मैदान मोकळे झाले. शौकिनांची पसंती युद्ध आणि जकातखाते यांनी ठरवली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. १९७० च्या दशकात ग्रॅफाइट आले. ते हलके, चपळ आणि ताठ. बांबू-काच जुनी झाली, म्हाताऱ्यांची झाली.

आणि तरीही पाण्यावरच्या आमिषासाठी जाणकार आजही काचतंतूची, निदान काच आणि ग्रॅफाइट यांच्या मिश्रणाची मऊ काठी मागतात. अपवाद रबरी बेडकाचा. शेवाळाच्या जाड थरावरून तो ओढायचा, तर मासा गवतासकट उपसावा लागतो आणि तिथे सात फुटांपेक्षा लांब, दणकट काठीच हवी. बाकी ठिकाणी वाकणारीच बरी. बांबूची तर आजही काही कारागीर हाताने घडवतात. मात्र त्यांचा बांबू चीनचा असतो आणि त्यावर ते काळे डाग नसतात.