‘अपारंपरिक’ कोणते? खानदेशातील ऊर्जास्रोतांचा ऐतिहासिक विचार

ऊर्जेच्या चर्चेत मराठीत आज चार-पाच पारिभाषिक शब्द वावरत असतात. ‘अपारंपरिक’, ‘नवीकरणीय’, ‘नूतनीकरणक्षम’, ‘अक्षय’ आणि अलीकडे ‘हरित’ हे ते शब्द होत. व्यवहारात ते एकाच अर्थाने वापरले जातात. पण त्यांतील प्रत्येकाची दृष्टी निराळी आहे. ‘अक्षय’ हा शब्द स्रोताच्या स्वभावाविषयी बोलतो, ‘नवीकरणीय’ हा त्याच्या पुनरागमनाविषयी, तर ‘अपारंपरिक’ हा शब्द इतिहासाविषयी विधान करतो. सूर्य, वारा, वाहते पाणी आणि शेण-काडी यांपासून मिळणारी शक्ती परंपरेबाहेरची आहे, असे ते विधान आहे. हे विधान जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या, म्हणजे पूर्वीच्या पूर्व व पश्चिम खानदेशाच्या इतिहासाशी ताडून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

प्रथम संज्ञेच्या उगमाचा विचार करू. १९७३ च्या तेलसंकटानंतर खनिज इंधनास पर्याय शोधण्याची निकड जगभर भासू लागली. ऑगस्ट १९८१ मध्ये नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, ती ऊर्जेच्या ‘नवीन व नवीकरणीय’ स्रोतांविषयी होती. भारत सरकारने १९८२ मध्ये जो स्वतंत्र विभाग स्थापला, त्याच्या नावात मात्र ‘अपारंपरिक’ हे विशेषण आले. १९९२ मध्ये त्या विभागाचे मंत्रालय झाले आणि २००६ मध्ये ‘नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय’ असे त्याचे नामांतर झाले. केंद्राने विशेषण बदलले. महाराष्ट्राच्या राज्यधोरणात ते टिकून राहिले. २०२० च्या राज्यधोरणाचे नावही ‘अपारंपरिक ऊर्जा’ असेच आहे.

येथे ‘परंपरा’ म्हणजे वीजनिर्मितीच्या कारखानदारीची परंपरा अभिप्रेत होती. कोळसा, तेल, अणुशक्ती आणि मोठी धरणे ही ‘पारंपरिक’ व बाकीची ‘अपारंपरिक’, अशी ती वाटणी होती. तिच्यातील विसंगती उघड आहे. १९१५ मध्ये खोपोली येथे टाटांनी सुरू केलेली जलविद्युत् पाण्याच्या ओघावर, म्हणजे नवीकरणीय स्रोतावर चाले. तरी ती ‘पारंपरिक’ ठरली. उलट शेणाच्या गोवऱ्या ज्या देशात शतकानुशतके जळत आल्या, त्या देशात शेणापासूनचा वायू ‘अपारंपरिक’ ठरला. शंभर वर्षांचा यंत्रयुगीन अनुभव हीच परंपरा मानली की असे घडते.

२

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहता या शक्तींचे मूळ बहुतांशी एकच आहे. सूर्याच्या उष्णतेने जमीन व समुद्र कमीअधिक तापतात, हवेच्या दाबात फरक पडतो आणि वारा वाहतो. त्याच उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होऊन ती डोंगरमाथ्यावर पोहोचते आणि पाऊस होऊन नदीवाटे उतरते. त्याच प्रकाशावर वनस्पती वाढते. तिच्यापासून सरपण, चारा व चाऱ्यावर पोसलेल्या बैलाचे बळ निर्माण होते. सूर्याशी ज्यांचा संबंध नाही असे मुख्य अपवाद दोनच. एक भरती-ओहोटीचे बळ, जे प्रामुख्याने चंद्राच्या आकर्षणातून येते. दुसरी भूगर्भातील उष्णता. या दुसऱ्या प्रकाराचे चिन्ह खानदेशातच आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडे तालुक्यात उनपदेव व सुनपदेव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. उनपदेव या नावातील ‘उन’ म्हणजे संस्कृत ‘उष्ण’ यापासून आलेले मराठी ‘ऊन’ होय. स्थलनामानेच उष्णतेची नोंद करून ठेवली आहे.

कोळसाही मुळात सूर्यप्रकाशच. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी साठविलेली ती शक्ती आहे. तेव्हा नवीकरणीय व अनवीकरणीय यांतील भेद उगमाचा नसून परतीच्या गतीचा आहे. वारा रोज परततो, पाणी वर्षाने, पऱ्हाटी हंगामाने, वृक्ष पिढीने. कोळसा मानवी काळाच्या मापात परतत नाही. यातून असेही निष्पन्न होते की, वाढीपेक्षा वेगाने तोडले गेलेले लाकूड नवीकरणीय राहत नाही. नवीकरणीयता हा केवळ पदार्थाचा गुण नव्हे. तो वापराच्या रीतीवर अवलंबून असलेला गुण आहे.

शब्दांच्या इतिहासातही हा संबंध दिसतो. ‘ऊर्जा’ हा आज यंत्रशास्त्राचा शब्द वाटतो. परंतु वैदिक भाषेत ‘ऊर्ज्’ म्हणजे अन्नरस, पुष्टी, बळ. कार्तिक महिन्याचे प्राचीन नाव ‘ऊर्ज’ असे होते. तापी हे नदीनाम ‘तप्’ या धातूशी जोडलेले आहे आणि पौराणिक परंपरा तिला सूर्यकन्या मानते. पुराणकथा हे विज्ञानाचे प्रमाण नव्हे. तथापि नदीचे पितृत्व सूर्याकडे देणारी ही कल्पना जलचक्राच्या ज्ञानाशी विसंगत नाही, एवढे नमूद करण्यास हरकत नाही.

३

आगगाडीपूर्वीच्या खानदेशात शेती कोणत्या शक्तीवर चालत होती? विहिरीवर मोट होती. धावेवरून उतरणाऱ्या बैलांच्या बळाने पाणी वर येऊन थारोळ्यात पडे. खळ्यावर मळणी बैलांच्या पायांनी होई आणि उपणणी वाऱ्याने. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाण्यांत ‘उपननी’ हे स्वतंत्र गाणे आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. वारा पडला की खळ्यावरचे काम थांबे. म्हणून वारा हा त्या जीवनात वर्णनाचा विषय नसून कामातील सहकारी होता. चुलीत शेणाच्या गोवऱ्या व कपाशीच्या पऱ्हाट्या जळत.

यापेक्षा अधिक संघटित असे उदाहरण फड पद्धतीचे आहे. पश्चिम खानदेशात पांझरा व तिची उपनदी कान यांवर आणि लगतच्या नाशिक जिल्ह्यात मोसम व आरम या नद्यांवर दगडी बंधारे बांधून पाटाने पाणी नेण्याची ही रीत तीन-चार शतकांची मानली जाते. तिचे तांत्रिक मर्म असे की, पाणी उचलण्यास बैल लागत नाही व इंधनही लागत नाही. सूर्याने डोंगरावर नेऊन ठेवलेले पाणी आपल्या भाराने खाली येते. बंधारा त्याची पातळी किंचित वाढवतो आणि पाटाचा उतार त्यास शेतापर्यंत नेतो. बंधाऱ्याखालील जमिनीचे ‘फड’ म्हणून मोठे भाग पाडत आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, असा दंडक असे. उसाचा फड पुढील वर्षी दुसऱ्या पिकास जाई. पाणी वाटण्यास पाटकरी, राखणीस जागल्या आणि देखरेखीस हवालदार असे नेमलेले लोक असत. हंगामापूर्वी पाटातील गाळ काढण्याचे काम लाभधारकांनी मिळून करावयाचे असे.

ब्रिटिश अमलात या पद्धतीची दखल घेतली गेली. १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आल्यानंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. पुढे १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या आरंभीच्या कामांत, धुळ्याच्या पश्चिमेस दातर्ती येथे पांझरेच्या पाटावर नळाचा सायफन बांधण्याचे काम होते. पाण्याच्या स्वतःच्या दाबानेच ते अडथळ्यापलीकडे नेण्याची ही युक्ती होय. जुन्या पाटव्यवस्थेचे तत्त्व आणि नव्या अभियांत्रिकीचे तत्त्व येथे एकच होते. एकाने दुसऱ्यास ‘अपारंपरिक’ म्हणण्याचे कारण नव्हते.

४

खानदेशात खरा परका स्रोत कोळसा होता. बेसाल्टाच्या थरांनी व तापीच्या गाळाने बनलेल्या या भूमीत तो निपजत नाही. १८६० नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येथे आली, त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसास अपूर्व भाव आला, आणि वाफेच्या शक्तीवर चालणारे सरकीयंत्रांचे कारखाने उभे राहिले. भुसावळ हे रेल्वेचे मोठे केंद्र बनले. पुढे भुसावळजवळ दीपनगर येथे औष्णिक वीजकेंद्र उभे राहून १९६८ मध्ये त्याचा ६२.५ मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. नंतर २१० व ५०० मेगावॅटचे संच आले. विहिरीवर विजेचा पंप बसला आणि मोट नाहीशी झाली.

या परिवर्तनाने शेतकऱ्याचे श्रम हलके झाले, यात शंका नाही. मोटेच्या काळाचे गोडवे गाणे हा इतिहासलेखकाचा धर्म नव्हे. परंतु त्याबरोबर कामाचे वेळापत्रकही बदलले. मोट दिवसा चाले, पाटाचे पाणी पाळीने येई. विजेचा पुरवठा मात्र दूरच्या केंद्राच्या सोयीने, पुष्कळदा रात्री येऊ लागला. रात्री अंधारात शेतास पाणी देण्याची पाळी हे नव्या ‘पारंपरिक’ ऊर्जेचे अपत्य होय. १९८१-८२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रकल्पातून गोबरगॅस संयंत्रे खेड्यांत पोहोचली, तेव्हा शेणाचे इंधन नव्या रूपाने घरात परतले एवढेच.

५

विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर वारा व ऊन पुन्हा खानदेशात परतले, पण विजेच्या रूपाने. भारतातील पहिल्या प्रायोगिक पवनविद्युत् केंद्रांत १९८६ मध्ये रत्नागिरीचा समावेश होता. महाराष्ट्रात पुढे साताऱ्याच्या पठारांनंतर साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसर पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध झाला. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या पूर्वेकडील या उंच पठारांवर जोराने वाहतात. म्हणून पावसाळ्यात तेथे वीज अधिक मिळते. त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. पर्जन्यछायेतील कोरडे आकाश, जे शेतीस शाप ठरत आले, ते येथे साधन बनले.

मात्र याच ठिकाणी ‘अपारंपरिक’ या शब्दाचा परिणाम केवळ भाषिक राहत नाही. जो स्रोत परंपरेत नव्हता असे मानले, त्याच्याभोवती पूर्वी कोणाचा हक्क, कोणाचा वावर होता, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. ज्या पठारास कागदावर ‘पडीक’ म्हटले जाते, ते गुरचराईचे व आदिवासींच्या वहिवाटीचे असू शकते. साक्री परिसरात पवनचक्क्यांसाठी वनजमीन देण्यास आदिवासींनी विरोध केला, तो याच कारणास्तव. शिंदखेडे तालुक्यात विखरण परिसरातील जमीन प्रथम औष्णिक प्रकल्पासाठी संपादित झाली व पुढे ती सौर प्रकल्पासाठी योजिली गेली. मोबदल्याविषयी दाद लागत नाही म्हणून तेथील एका वयोवृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत मंत्रालयात विष घेतले व त्याच महिन्याच्या अखेरीस त्याचा मृत्यू झाला. कोळशासाठी घेतलेली जमीन उन्हासाठी वापरावयाची ठरली. भूमिधारकाच्या दृष्टीने त्यात भेद नव्हता. स्रोत नवीकरणीय असला तरी गेलेली जमीन नवीकरणीय नसते.

याच्या तुलनेत कृषिपंपांना दिवसा वीज देण्यासाठी आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची (२०१७, दुसरा टप्पा २०२३) रीत निराळी आहे. तीत खासगी जमीन विकत न घेता भाडेपट्ट्याने घेण्याची तरतूद असून दुसऱ्या टप्प्यात वार्षिक भाडे हेक्टरी सव्वा लाख रुपये ठरले. मालकी राहते व उत्पन्न वर्षागणिक परतते. नवीकरणीयतेचे तत्त्व येथे निदान व्यवहारात उतरू पाहते.

६

खानदेशच्या भाषेत या तत्त्वासाठी स्वतःचा शब्द आहे. ‘अक्षय’ याचे प्राकृत रूप ‘अक्खय’. त्यापासून अक्षय्य तृतीयेस अहिराणीत ‘आखाजी’ म्हणतात, आणि गुजरात-राजस्थानातील ‘आखातीज’ या रूपाशी त्याचे नाते उघड आहे. आखाजी हा येथील शेतकऱ्यांचा मोठा सण. त्या दिवशी पाण्याने भरलेली घागर पूजतात, सासुरवाशिणी माहेरी येतात आणि सालदाराचे जुने साल संपून नवे ठरते. शास्त्रात ‘अक्षय’ म्हणजे न संपणारे. आखाजीत मात्र जे संपून पुन्हा भरते, ज्याचा करार दरवर्षी नव्याने करावा लागतो, ते. ‘अक्षय’ आणि ‘नवीकरणीय’ या दोन संज्ञांतील अंतर या लोकशब्दाने आपोआप मिटविले आहे.

फड पद्धतीचा इतिहासही हेच सांगतो. पांझरेचे पाणी सूर्याच्या कृपेने दरवर्षी येई. परंतु गाळ न काढलेल्या पाटातून ते शेतात येत नसे, आणि पाळी न पाळणाऱ्या गावात ते शेवटच्या शेतापर्यंत पोहोचत नसे. ओघ निसर्गाचा, नवीकरण माणसांचे, अशी ती व्यवस्था होती. यास्तव या स्रोतांना ‘अपारंपरिक’ म्हणणे खानदेशापुरते तरी इतिहासाशी विसंगत ठरते. नवी आहेत ती यंत्रे. त्यांच्या उत्पन्नाची पाळी कशी लावावयाची, हा प्रश्न मात्र जुनाच आहे, आणि त्याचा अनुभव पांझरेच्या काठी उपलब्ध आहे.