पर्सिस्टर पेशी

पर्सिस्टर पेशी किंवा चिवट पेशी म्हणजे प्रतिजैविकाच्या मारक मात्रेतही जिवंत राहणाऱ्या, वाढ जवळजवळ थांबलेल्या जिवाणूंच्या मोजक्या पेशी. औषधाचा प्रभाव ओसरल्यावर त्या पुन्हा सक्रिय होतात व विभाजन पावू लागतात. त्यांच्यापासून निर्माण होणारी पिढी मूळ जिवाणूंप्रमाणेच औषधाला बळी पडणारी असते. काही जुनाट संसर्ग उपचारानंतर पुन्हा उद्भवतात, त्याचे एक महत्त्वाचे कारण या पेशी मानल्या जातात.

शोध

पेनिसिलिनमुळे सुमारे ९९ टक्के जिवाणू मरतात, परंतु उरलेले तग धरतात, असे ग्लॅडिस हॉबी व त्यांच्या सहकाऱ्यांना १९४२ मध्ये अमेरिकेत आढळले. आयरिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात स्टॅफिलोकॉकस जिवाणूंवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पेनिसिलिनमधून वाचलेल्या पेशी त्यांनी पुन्हा वाढवल्या, तेव्हा त्यांची संतती पेनिसिलिनने पूर्वीसारखीच मेली. या पेशींना 'पर्सिस्टर' हे नाव बिगर यांनीच दिले. १९८३ मध्ये हॅरिस मॉयेड यांच्या प्रयोगशाळेत ई. कोलाय जिवाणूतील 'हिप-ए' या जनुकाच्या उत्परिवर्तनामुळे अशा पेशींचे प्रमाण वाढते, असे दिसून आले. २००४ मध्ये नताली बालाबान व सहकाऱ्यांनी सूक्ष्म नलिकांमध्ये एकेका पेशीचे निरीक्षण केले आणि अशा पेशी औषध देण्यापूर्वीच समूहात अस्तित्वात असू शकतात हे दाखवले.

प्रतिरोधाहून वेगळेपण

प्रतिरोधक जिवाणू औषधाच्या उपस्थितीतही वाढत राहतात व हा गुण त्यांच्या संततीत उतरतो. चिवट पेशी औषधाच्या उपस्थितीत वाढत नाहीत, केवळ मरत नाहीत. आणि त्यांची ही अवस्था तात्पुरती असते. जिवाणूंची वाढ रोखण्यास लागणारी औषधाची किमान मात्रा त्यांच्यामुळे बदलत नाही. म्हणून नेहमीच्या संवेदनशीलता चाचणीत त्या लक्षात येत नाहीत.

तगण्याची प्रक्रिया

बहुतेक प्रतिजैविके पेशीत चालू असलेल्या क्रियेवर आघात करतात. उदाहरणार्थ, पेनिसिलिन पेशीभित्तिका बांधण्याच्या कामात अडथळा आणते. पेशी वाढतच नसेल, तर नवी भित्तिका बांधली जात नाही आणि औषधाचा मारा निष्फळ ठरतो. उपासमार वा अन्य ताण आल्यास काही पेशींत 'पीपीजीपीपी' हा संदेशवाहक रेणू साठतो व प्रथिननिर्मिती मंदावते. 'हिप-ए' प्रथिनाच्या प्रभावानेही हेच घडते. पेशीतील ऊर्जावाहक एटीपीचे प्रमाण घटल्यानेही पेशी सुप्त होऊ शकते. एकाच समूहातील पेशींत असे फरक योगायोगानेही पडतात.

वैद्यकीय महत्त्व

क्षयरोगाच्या दीर्घ उपचारामागे मंद वाढणारे व सुप्त जिवाणू हे एक प्रमुख कारण आहे. औषधांना संवेदनशील असलेल्या क्षयरोगाचा प्रचलित उपचार सहा महिन्यांचा असून पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व एथाम्ब्युटॉल ही चार औषधे दिली जातात. आयसोनियाझिड मुख्यतः वाढत्या जिवाणूंना मारते, तर पायराझिनामाइड आम्लधर्मी परिसरातील मंद जिवाणूंवर परिणामकारक ठरते. ताप व खोकला काही आठवड्यांत कमी झाला, तरी शरीरात जिवंत जिवाणू उरलेले असू शकतात. त्यामुळे औषधे मध्येच सोडल्यास रोग उलटण्याचा धोका असतो. कॅथेटर, कृत्रिम सांधे इत्यादींवर जमणाऱ्या जिवाणूंच्या थरांतही चिवट पेशी आढळतात.

वारंवार औषध देऊन वाढवलेल्या ई. कोलाय जिवाणूंमध्ये आधी सहनशीलता निर्माण होते व त्यानंतर प्रतिरोध येतो, असे २०१७ मध्ये बालाबान यांच्या गटाने दाखवले. म्हणजेच तग धरलेल्या पेशी पुढे खऱ्या प्रतिरोधाला वाट करून देऊ शकतात.

उपाययोजना

सुप्त पेशींना जागे करून मग मारणे, किंवा त्या सुप्त असतानाच त्यांचा नाश करणे, अशा दोन दिशांनी संशोधन चालू आहे. २०११ मध्ये जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने ॲमिनोग्लायकोसाइड गटातील औषधासोबत मॅनिटॉलसारखी शर्करा दिल्यास चिवट पेशी औषध आत घेतात व मरतात, असे दाखवले.