पिंजऱ्यांतून अरण्याकडे

इ. स. २००६ च्या एप्रिल महिन्याच्या २८ तारखेस, चीनच्या सिचुआन प्रांतांतील वोलोंगच्या डोंगरांत, शियांग शियांग नांवाच्या एका तरुण नर पांडास मोकळें सोडण्यांत आलें. वय पांच वर्षांच्या आंतलें. जन्म मात्र माणसांच्या देखरेखीखालचा. बंदिवासांत जन्मलेला पांडा रानांत सोडण्याचा जगांतील हा पहिलाच प्रयत्न होय.

पाश्चात्य शास्त्रज्ञांस ह्या प्राण्याची ओळख झाली ती १८६९ सालीं, आर्मां दाविद ह्या फ्रेंच धर्मोपदेशकामुळें. बंदिवासांत पांडाचें पिलूं प्रथम जन्मलें तें १९६३ सालीं, पेकिंगच्या प्राणिसंग्रहालयांत. त्यानंतर कित्येक वर्षें ही प्रजा वाढेना. मादी वर्षांतून एकदांच, तीही दोनतीन दिवसच माजावर येते. जुळीं झालीं तर रानांतील आई बहुधा एकच पिलूं वाढविते. कृत्रिम रेतनानें पहिली अडचण दूर झाली. जुळ्यांची पाळीपाळीनें अदलाबदल करून तीं दोन्हीं एकाच आईच्या दुधावर वाढविण्याच्या युक्तीनें दुसरीही सुटली. पिंजरे भरूं लागले. पण पिंजऱ्यांतील संख्या वाढली म्हणून अरण्यांतील पांडा वांचला असें कसें म्हणावें?

शियांग शियांगास जवळजवळ तीन वर्षें शिकविलें होतें. बांबू हुडकणें, निवारा करणें, आपल्या हद्दीच्या खुणा ठेवणें हे धडे तो बरे शिकला. गळ्यांत बिनतारी संदेश देणारा पट्टा होता. डिसेंबरांत तो जखमी आढळला. औषधोपचार करून त्यास पुन्हा रानांत धाडलें. १९ फेब्रुवारी २००७ रोजीं त्याचें प्रेत सांपडलें. बरगड्या मोडलेल्या होत्या. रानटी पांडांशीं झुंजतांना उंचावरून तो पडला असावा, असा निष्कर्ष निघाला. पुरे दहा महिनेही तो जगला नाहीं.

ह्या मृत्यूनें जें शिकविलें तें मोलाचें ठरलें. बांबू कोठें मिळतो हें माणूस दाखवूं शकतो; परक्या मुलखांतील जुन्या नरांपुढें कसें वागावें हें तो काय शिकविणार? शिवाय नवा नर म्हणजे तेथील नरांस प्रतिस्पर्धीच. पांडांमध्यें जन्मस्थान सोडून दूर जाण्याची चाल माद्यांत अधिक. म्हणून पुढें मादी पाठविण्याकडे कल झाला.

चीनमधील मोठ्या भूकंपांपैकीं एक १२ मे २००८ रोजीं झाला आणि वोलोंगचें केंद्र उद्ध्वस्त झालें. पांडांस बिफेंगश्या येथें हलवावें लागलें. काम पुन्हा हातीं घेतलें गेलें तें २०१० सालीं, आणि अगदीं उलट्या रीतीनें. आतां गुरु माणूस नव्हे, आई! गाभण मादीस डोंगरांतील मोठ्या कुंपणांत ठेवावयाचें, पिलूं तिनेंच वाढवावयाचें. तपासणीसाठीं आंत शिरणाऱ्या रक्षकांनीं पांडाचा वेष घालावयाचा, आणि माणसाचा वास लपावा म्हणून त्या वेषास पांडाचें मूत फांसावयाचें. आपल्याकडील बहुरूप्यांनींही एवढी निष्ठा क्वचितच दाखविली असेल. बिबट्याची भीति बसावी म्हणून भुसा भरलेला बिबट्या व त्याच्या डरकाळ्यांचें ध्वनिमुद्रण ह्यांचाही उपयोग झाला.

त्साव त्साव ह्या मादीनें असा वाढविलेला ताव ताव ११ ऑक्टोबर २०१२ रोजीं लित्झपिंग अभयारण्यांत सोडला गेला. ही जागा मुद्दाम निवडलेली. तेथील पांडा थोडे, आणि इतरांपासून तुटलेले; रस्ते, शेतें व वस्त्या मध्यें आल्यानें अशा लहान कळपांत जवळच्या नात्यांतच संतति होण्याचा धोका असतो. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गणनेंत रानटी पांडा १८६४ भरले, पण ते तेहतीस तुकड्यांत विखुरलेले. बाहेरून आणलेलें एक जनावरही अशा तुकड्यास नवें रक्त देऊं शकतें.

अर्थात् सारें सुरळीत झालें नाहीं. २०१४ सालीं सोडलेली श्वे श्वे ही मादी सुमारें चाळीस दिवसांतच मेली. ह्या खटाटोपापेक्षां जंगलेंच जोडावीं, असें म्हणणारे टीकाकार आहेत, आणि त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. २०२१ सालीं स्थापन झालेलें विशाल पांडा राष्ट्रीय उद्यान त्याच दिशेचें पाऊल होय. मात्र तुटलेलीं अरण्यें जोडली जाण्यास पिढ्या लागतात, आणि दहावीस पांडांच्या कळपास तेवढा अवकाश असतोच असें नाहीं.

ताव तावास २०१७ च्या डिसेंबरांत तपासणीसाठीं पकडलें, तेव्हां तो पांच हिवाळे रानांत काढून धट्टाकट्टा झालेला आढळला. तपासणी आटोपतांच त्यास पुन्हा त्याच बांबूच्या बनांत सोडून देण्यांत आलें.