उंदीर मारून का संपत नाहीत?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात उंदरांचा सुळसुळाट झाला होता. गरीब वस्त्यांत ते झोपलेल्या तान्ह्या मुलांना चावत. कर्ट रिक्टर या शास्त्रज्ञाने नवे विष शोधून मोहीम चालवली. उंदीर भराभर मेले. पण विष घालणे थांबले, की काही काळाने संख्या पूर्ववत होई.

असे का व्हावे? १९४० च्याच दशकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्त्यावस्त्यांतले उंदीर मोजून याचा शोध घेतला. एखाद्या ठिकाणी किती उंदीर जगतील, हे तिथले अन्न आणि आडोसा ठरवतात. काही मेले, तर उरलेल्यांना भरपूर खायला मिळते आणि पिल्ले अधिक तगतात. अन्न आणि आडोसाच कमी केला, तर मात्र संख्या घटते आणि घटलेलीच राहते.

कचरागाडी चार दिवस आली नाही, तर हे ध्यानात ठेवावे. ओला कचरा वेगळा करून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा. रात्री पिशव्या बाहेर ठेवू नयेत, कारण उंदीर प्रामुख्याने रात्रीच अन्न शोधतात. भिंतीलगतची अडगळ हलवावी. शाळेच्या आवारात उंदरांना अन्न कुठे मिळते, याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून करून घ्या; उपाय त्यांनाच सुचतील.